गुऱ्हाळावर रास्पबेरी पाय: वायफाय धरतच नाही

काहिलीकाठचा:
मंडळी, नमस्कार. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गुऱ्हाळ आहे. काहिलीतल्या रसाचं तापमान मोजून ते घरात बसून फोनवर बघायचा खटाटोप चाललाय. के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी), ते वाचणारं मॅक्स६६७५ चं छोटं कार्ड आणि रास्पबेरी पाय ४ (लिनक्सवर चालणारा छोटासा कॉम्प्युटर), असा संसार आहे. सेन्सरचं जमलं, आकडे बरोबर येतात. अडलंय ते वायफायवर.

पायच्या मेमरी कार्डावर रास्पबेरी पाय ओएस लाइटची बुकवर्म आवृत्ती टाकली. एका जुन्या व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे बूट पार्टिशनमध्ये डब्ल्यूपीए_सप्लिकंट.कॉन्फ नावाची फाइल केली आणि तिच्यात राउटरचं नाव, पासवर्ड घातला. पाय चालू होतो, हिरवा दिवा लुकलुकतो, पण राउटरच्या यादीत त्याचा पत्ता नाही. शेवटी घरचा टीव्ही जोडला. पायनं आधी युजर तयार करून घेतला. मग नेटवर्क बघायची कमांड 'एनएमसीएलआय डिव्हाइस' म्हटलं तर डब्ल्यूलॅन० च्या, म्हणजे वायफायच्या, पुढं 'अनअव्हेलेबल'. वायफायची चिप गेली म्हणायची का?

रंकाळ्यावरचा_वारा:
एवढ्याशा कामाला अख्खं लिनक्स कशाला रे? ईएसपी३२ चा छोटा बोर्ड घे, वायफाय त्यातच आहे, किंमतही किरकोळ. तुझ्या आज्ज्यानं काय लिनक्सवर गूळ काढला होता?

काहिलीकाठचा:
आज्जा अजून काढतोय, आणि ह्या सगळ्याला हसतोय. नुसतं तापमान असतं तर ईएसपी३२ च लावला असता. पण पुढं कॅमेरा लावून उकळीचा फेस आणि रंग टिपायचाय, आदणागणिक, म्हणजे दर काहिलीची, नोंद ठेवायचीय. म्हणून पाय.

टर्मिनलवाली:
चिप गेलेली नाही. गेली असती तर डब्ल्यूलॅन० हे नावच यादीत आलं नसतं.

'वायफाय चालत नाही' ह्या एका वाक्यात चार निरनिराळी दुखणी असतात आणि लोक सगळ्यांना एकच औषध देतात, म्हणजे कार्ड पुसून पुन्हा ओएस टाकतात. आधी बघायचं की बोर्डाला रेडिओ दिसतोय का. दिसत असेल तर त्या रेडिओला राउटर ऐकू येतोय का. येत असेल तर राउटर आत घेतोय का. आणि घेतला तर जोडणी टिकते का. तू पहिली पायरी ओलांडलीयस, दुसरीच्या दारात उभा आहेस.

(इथं रोमन अक्षरं उमटत नाहीत, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहिते. टर्मिनलात अर्थातच इंग्रजीत.)

ती फाइल विसरून जा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुकवर्म आलं तेव्हा नेटवर्क सांभाळणारं जुनं डीएचसीपीसीडी जाऊन नेटवर्कमॅनेजर आलं. बूट पार्टिशनमध्ये टाकलेली ती फाइल आता कुणी वाचतच नाही, त्यामुळे चूक आहे असंही कुणी सांगत नाही. जुने व्हिडिओ इथंच गंडवतात. नवीन कार्ड करताना रास्पबेरी पाय इमेजरमध्येच नाव, पासवर्ड, देश आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायच्या टर्मिनलात शिरायची सोय) भरून टाकायचं.

आत्ता तुझा रेडिओ बंद आहे तो बहुतेक देश न सांगितल्यामुळे. 'आरएफकिल लिस्ट' म्हण. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' आलं, म्हणजे रेडिओ सॉफ्टवेअरनं बंद ठेवलेला असला, तर 'सुडो रासपी-कॉन्फिग' उघड, लोकलायझेशनमध्ये डब्ल्यूलॅन कंट्रीला जा आणि 'आयएन', म्हणजे भारत, निवड. तरीही ब्लॉक राहिलं तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय'.

अण्णा_बिंदूचौक:
बाईंनी सांगितलं ते बरोबर. थोडी पुस्ती जोडतो, नोकरी दूरसंचारातच गेली.

कोणत्या चॅनेलवर किती ताकदीनं बोलायचं हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. आपल्याकडं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली विनापरवाना झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. बोर्डाला देश सांगितला नाही तर त्याला कुठला कायदा पाळायचा हेच कळत नाही, म्हणून तो तोंड मिटून बसतो. पायच्या तीन बी प्लस मॉडेलपासून हे असंच आहे.

एक आडवळणाची गोष्ट. देश चुकून अमेरिका ठेवला तर १२ आणि १३ नंबरचे चॅनेल वापरता येत नाहीत. आपल्याकडं १३ पर्यंत चालतात. राउटरनं आपसूक १३ धरला की फोनला दिसतो आणि पायला दिसत नाही. मग माणूस पायला शिव्या घालत बसतो.

काहिलीकाठचा:
ताई, अण्णा, अगदी तेच होतं. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस'. देश घातला आणि 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' ला शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नावं आली, आमचंही. पण जोडायला गेलं की म्हणतंय, 'सीक्रेट्स वेअर रिक्वायर्ड, बट नॉट प्रोव्हायडेड'. पासवर्ड तर मी देतोय! त्याच पासवर्डवर फोन चालतोय.

टर्मिनलवाली:
म्हणजे आता तिसरी पायरी. हा संदेश फसवा आहे. पासवर्ड चुकला तरी हाच येतो आणि राउटरशी सुरक्षेच्या पद्धतीवर जमलं नाही तरी हाच. पासवर्डात डॉलर किंवा उद्गारचिन्ह असेल तर एकेरी अवतरणात लिही, नाहीतर शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याचा भलताच अर्थ लावतं. त्यापेक्षा 'एनएमटीयूआय' उघड. चौकटी येतात, त्यात भरायचं, आणि पासवर्ड कमांडच्या हिस्टरीतही राहत नाही.

तरी नाही झालं तर राउटरच्या सेटिंगमध्ये बघ, सुरक्षा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' अशी मिश्र आहे का. नवीन राउटर तशीच येतात. पायवरच्या चिपचं डब्ल्यूपीए३ शी नीट जमेलच असं धरून चालू नये. फक्त डब्ल्यूपीए२, एईएस करून बघ. त्यानंतर जुनं प्रोफाइल (जोडणीची साठवलेली माहिती) 'एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट' नं काढ आणि नव्यानं जोड. अर्धवट प्रोफाइल राहिलं की तेच पुन्हा पुन्हा वापरलं जातं.

आणि दुसऱ्या खिडकीत 'सुडो जर्नलसीटीएल -एफयू नेटवर्कमॅनेजर' लावून ठेव. पडद्यावर एक ओळ येते, लॉगमध्ये खरं कारण असतं.

हॉस्टेलवासी:
मध्येच घुसतोय, माफी. आमच्या हॉस्टेलला युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही लागतात. तिथं पाय कसा जोडायचा?

टर्मिनलवाली:
ते एंटरप्राइज पद्धतीचं आहे, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. ते तपासायला बहुतेक ठिकाणी पीईएपी आणि आत एमएसचॅपव्ही२ असतं. एनएमसीएलआय कनेक्शन ॲड करताना की-मॅनेजमेंट 'डब्ल्यूपीए-ईएपी', मग ८०२-१एक्स.ईएपी 'पीईएपी', फेज२-ऑथ 'एमएसचॅपव्ही२', आयडेंटिटी आणि पासवर्ड. सर्टिफिकेट कॉलेजच्या आयटीवाल्यांकडून माग. त्याच्याशिवायही जोडता येतं, पण मग त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणी उभं केलं तर तुझं लॉगिन त्याच्या हातात जातं. ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडत असेल तर तो वेगळा प्रकार, त्याला वेगळा धागा काढ.

काहिलीकाठचा:
डब्ल्यूपीए२ केलं आणि झटक्यात जोडला! घरातून एसएसएच चालू.

पण गुऱ्हाळात नेऊन लावला तर नवीनच नाटक. घर आणि गुऱ्हाळाच्या मध्ये अंगण आहे, लांब काही नाही. सुरुवातीला जोडतो, मग तुटतो, परत जोडतो, कधी कधी आख्खा पायच रीस्टार्ट होतो. विशेषतः घाणा सुरू झाला की. पायला पत्र्याच्या पेटीत ठेवलाय, उंदीर आणि चिपाडाचा भुसा नको म्हणून. वीज भिंतीवरच्या मोबाइल चार्जरमधून, लांब केबलनं.

शिरोलीचा_फिटर:
भावा, आता माझ्या गावात आलास. फाउंड्रीत हेच बघण्यात जन्म चाललाय.

रीस्टार्ट होतोय म्हणजे आधी वीज बघ, वायफाय नंतर. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' मार आणि काय येतं ते सांग. शून्य आलं तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, ०एक्स५०००५ आलं तर आत्ता ह्या क्षणी पडलेलं आहे. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोंब मारतो. त्याला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा पुरवठा लागतो.

लांब केबल हा खरा चोर. स्वस्तातल्या केबलीत २८ गेजची तार असते, मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास. २ मीटर केबल म्हणजे जाऊन येऊन ४ मीटर तार, ०.८५ ओहम. पायनं एक अँपिअर ओढला की तेवढेच व्होल्ट वाटेत गेले. ५.१ मधले उरले सव्वाचार. वायफाय जोरात बोलायला लागलं की करंट वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं, आणि तू म्हणतोस वायफाय तुटलं.

२३० ची वायर लांब ने, ५ व्होल्टची नको. ॲडॉप्टर पेटीशेजारी पाहिजे. आणि घाण्याच्या मोटरीच्या लाइनवरून घेऊ नको, वेगळी लाइन काढ, एमसीबी आणि अर्थिंग लावून.

रंकाळ्यावरचा_वारा:
फिटरभाऊ, मी म्हणत होतो ईएसपी३२...

शिरोलीचा_फिटर:
त्यालाही हीच केबल लावली असती तर तोही रडलाच असता की.

अण्णा_बिंदूचौक:
विजेचं फिटरांनी सांगितलं. आता त्या पत्र्याच्या पेटीबद्दल बोलूया. पोरा, रेडिओ पत्र्यात कोंडलास आणि वर विचारतोस ऐकू का येत नाही. पाय ४ चा अँटेना बोर्डातच कोरलेला आहे, बाहेरचा लावायला जागाच दिलेली नाही. पेटी बंद केलीस की त्यातून जे काही निसटतं ते फटीतून. वायरीच्या भोकातून थोडंफार जातं म्हणून जोडणी होते, आणि थोडंफारच जातं म्हणून तुटते.

'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० लिंक' असं विचार, सिग्नल डीबीएममध्ये (रेडिओच्या ताकदीचं माप) येईल. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत निवांत, उणे ८० च्या पुढं गेलं की भरवसा नाही. हा आकडा सरळ वाचू नये. ३ ने कमी म्हणजे ताकद निम्मी, १० ने कमी म्हणजे दहावा भाग. उणे ६० वरून उणे ८० वर आलास तर शंभरावा भाग उरला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ जातात. त्यामानानं पेटीचं झाकण उघडून किती फरक पडतो ते स्वतः बघ, अंगणाला दोष देऊ नकोस.

आणखी एक, ओल्या चिपाडाचा ढीग मध्ये आहे का? पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच खातं. वाळल्यावर कमी. म्हणजे तुझा सिग्नल गाळपाच्या वेळापत्रकानुसार बदलणार. ५ गिगाहर्ट्झच्या नादी लागू नको, ते भिंतीला आणखी लवकर हरतं.

टर्मिनलवाली:
दोन गोष्टी माझ्याकडूनही. एक, वायफायचं पॉवर सेव्ह बंद कर. 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० गेट पॉवर_सेव्ह' विचार, ऑन असेल तर प्रोफाइलमध्ये ८०२-११-वायरलेस.पॉवरसेव्ह ला २ दे. तिथं २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उलटं वाटतं, पण तसंच आहे. एसएसएचवर अक्षर टाइप केल्यावर थांबून थांबून उमटत असेल तर बहुतेक हेच.

दोन, पुढंमागं नोंदी ठेवायला यूएसबी ३ ला एसएसडी लावणार असशील तर ती पायला खेटून ठेवू नकोस. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलनं २०१२ मध्येच त्यावर कागद काढला होता. निळ्याऐवजी काळ्या पोर्टात लावली तरी सुटतं, वेग कमी होईल इतकंच.

हॉस्टेलवासी:
पेटीच ठेवायची असेल तर यूएसबीचा वायफाय डोंगल लावून अँटेना बाहेर काढला तर? ऑनलाइन दोनशे-तीनशेला मिळतात.

टर्मिनलवाली:
चालेल, पण खोक्यावरचं नाव बघून घेऊ नको, आतली चिप बघ. लावल्यावर 'एलएसयूएसबी' मध्ये आयडी येतो. १४८एफ:५३७० म्हणजे आरटी५३७०, ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे, लावला की चालू. ०सीएफ३:९२७१ म्हणजे एआर९२७१, तोही तसाच. १४८एफ:७६०१ म्हणजे एमटी७६०१यू, कर्नल ४.२ पासून आहे. ०बीडीए:८१७९ म्हणजे रिअलटेकची ८१८८ईयू, तिला कर्नल ६.३ पासून आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा ड्रायव्हर चालतो. तुझा कर्नल कुठला ते 'युनेम -आर' नं बघून ठरव.

०बीडीए:१ए२बी दिसलं तर घाबरू नको. डोंगल स्वतःला सीडी म्हणवून घेतोय, आत विंडोजचे ड्रायव्हर भरलेले असतात. 'सुडो यूएसबी_मोडस्विच -केडब्ल्यू -व्ही ०बीडीए -पी १ए२बी' केलं की खऱ्या रूपात येतो.

जिथं कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही, तिथं गिटहबवरून आणून डीकेएमएसनं (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) बांधावा लागतो, आणि कर्नल अपडेट झाला की एखाद्या सकाळी तो बांधलाच जात नाही. गुऱ्हाळासारख्या, चार महिने हात न लावता चालायला हवं अशा ठिकाणी मी तसला डोंगल कधीच लावणार नाही. शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

शिरोलीचा_फिटर:
मी म्हणतो पायच हलवा. पाय चुलवाणाजवळ कशाला पाहिजे? तिथं ८० अंशाला पोचला की स्वतःच मंद होतो तो. घराकडच्या भिंतीला बाहेरून लाव, धूळ-पाणी आत न घेणाऱ्या प्लास्टिकच्या आयपी६५ पेटीत, वायरी खालच्या बाजूनं ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावून आत घे म्हणजे वाफेचं पाणी ओघळून आत जाणार नाही. काहिलीपासून पेटीपर्यंत थर्मोकपलची वायर लांबव. मात्र के टाइपचीच एक्स्टेन्शन वायर घे. साध्या तांब्याच्या वायरीनं लांबवलीस तर जिथं जोड दिलास तो जोड जितका तापेल तितका आकडा चुकणार, आणि गुळात दोन-चार अंशांनी काय होतं ते तुला मी सांगायला नको.

काहिलीकाठचा:
दोन-चार अंशांत गूळ चिकट राहतो नाहीतर करपतो. आज्जा थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, तेव्हा आमचा आकडा ११८ च्या आसपास असतो. त्याला आकडा लागत नाही, मला लागतो.

रिपोर्ट: गेट_थ्रॉटल्ड ला ०एक्स५०००५ आलं होतं, फिटरभाऊ. पेटीचं झाकण बंद असताना सिग्नल उणे ८१, उघडल्यावर उणे ७०. अण्णा, झाकणानंच ११ खाल्ले. आता ॲडॉप्टर जवळ घेतला, वेगळी लाइन काढली, प्लास्टिकची पेटी घराकडच्या भिंतीला मारली. उणे ६३ आहे. गेट_थ्रॉटल्ड शून्य. घाणा चालू असताना एसएसएच उघडून बसलो, हललं नाही.

एकच राहिलंय. लाइट जाऊन आली की कधी आपोआप जोडतो, कधी बराच वेळ जोडतच नाही. मग मी जाऊन प्लग काढून घालतो.

टर्मिनलवाली:
लाइट आली की पाय आणि राउटर एकदमच सुरू होतात. पाय लवकर तयार होतो, राउटर, त्यातही फायबरचा, उशिरा. पाय हाका मारतो, राउटर अजून उठलेलाच नसतो. नेटवर्कमॅनेजर एका प्रोफाइलसाठी मुळात चारच प्रयत्न करतो, ते फसले की पाच मिनिटं त्या प्रोफाइलकडे बघत नाही. तू प्लग काढतोस तेव्हा राउटर उठलेला असतो, म्हणून जोडतो.

'सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', मग प्रोफाइलचं नाव, मग 'कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रिट्राइज ०'. शून्य म्हणजे थकायचं नाही.

आणि राउटरमध्ये पायच्या मॅक पत्त्याला (वायफाय चिपचा स्वतःचा नंबर) एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेव, नाहीतर दर वेळी नवा आयपी शोधत बसशील.

काहिलीकाठचा:
दोन्ही केलं. मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला. राउटर उठला, मागोमाग पाय जोडला, आयपी तोच. घरातून काहिलीचा आलेख दिसतोय.

हॉस्टेलवासी:
के टाइपची एक्स्टेन्शन वायर कोल्हापुरात कुठं मिळते?

शिरोलीचा_फिटर:
एमआयडीसीतल्या कुठल्याही इन्स्ट्रुमेंटवाल्याकडं मीटरवर मिळते. घेताना रंग विचारून घे, वायर कुठल्या पद्धतीची आहे त्यावर ठरतं. अमेरिकन पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण असते, आयईसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. लाल म्हणजे प्लस समजून जोडलीस तर काहील तापेल तसा आकडा उतरत जाईल.

काहिलीकाठचा:
माझी हिरवी-पांढरी आहे. बरोबर जोडलीय, आकडा वर चढतोय.

कॅमेऱ्याचं काम आता काढतो. लेन्सवर वाफ धरते त्यावर कुणाकडं उपाय असेल तर नवीन धागा काढलाय, तिकडं या.